जुना बेसबॉल ग्लव्ह घेताना आधी मोजायची टेप काढ
९.५ इंच लिहिलंय म्हणून तो ग्लव्ह लहान मुलांचा समजून सोडू नकोस. १९३०-४०च्या दशकांत अमेरिकेत मोठी माणसंही एवढ्याच ग्लव्हने बेसबॉल खेळायची. आजचा इनफिल्डरचा (बेसांजवळ उभं राहून चेंडू अडवणाऱ्याचा) साधारण ११ ते १२ इंच भरतो.

कापडी टेप घे. तर्जनीच्या टोकापासून आतल्या बाजूने, पॉकेटच्या, म्हणजे चेंडू बसतो त्या खळग्यात चामड्याला टेकवत, खाली मनगटाकडच्या कडेपर्यंत ने. विकणाऱ्याकडे टेप लावलेला फोटोच माग.

पण खरा निकाल हात आत घातल्यावर लागतो. मुलांच्या ग्लव्हमध्ये बोटांच्या जागा इतक्या अरुंद, की माझी बोटं दुसऱ्या पेरालाच अडकतात. असा ग्लव्ह तेल लावून सैल होईल ही आशा सोड. आणि हो, उजव्या हाताने फेकत असशील तर डाव्या हातात घालायचाच घे.