जळगावच्या मेहरूण तलावाजवळच्या बागेत ड्रोन उडवता येईल का?

भाऊ, तुमचा ड्रोन 249 ग्रॅमचा आहे आणि भाच्याच्या हौसेसाठीच आहे, म्हणजे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो'ला ती सूट आहे. पण प्रमाणपत्र नको म्हणजे परवानगीच नको, असं बरेच जण धरून चालतात. घोळ तिथेच होतो.

कुसुंब्याचं विमानतळ मेहरूणपासून फार लांब नाही. 'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बागेवर बोट ठेवा. पिवळा रंग दिसला तर हवाई वाहतूक नियंत्रणाची आधी परवानगी हवी, लाल असेल तर केंद्र सरकारची. हिरव्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक असते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र 200 फुटांपर्यंतच. हे नियम मोडले तर 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशा हिरवा असला तरी बाग महापालिकेची असते, त्यामुळे तिथे विचारायचंच. सणासुदीला पोलिसांचा बंदी आदेशही असू शकतो.

मी स्वतः संध्याकाळी बागेत उडवत नाही. एकदा तलावावरून वारा आला आणि माझा ड्रोन सरकत घसरगुंडीच्या अगदी वर गेला. खाली चार-पाच पोरं वर बघत उभी. तो उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाच्याला शिकवायचंय ना? मग कापूस निघालेलं, विजेच्या तारा नसलेलं शेत बघा, मालकाला विचारा आणि सकाळी वारा पडलेला असताना जा.