कोरियात पितरांच्या नैवेद्याच्या ताटल्यांना उंच पाय का असतो?

त्या भांड्यांना 'जेगी' म्हणतात. नैवेद्य रोजच्या जेवणाच्या पातळीवर ठेवायचा नाही, वर उचलून अर्पण करायचा, म्हणून खाली उंच बैठक. ही भांडी रोजच्या वापरात आणत नाहीत, वेगळी जपून ठेवतात.

मुळात ही भांडी चिनी प्रथेप्रमाणे काशाची असायची. जोसॉन राजवटीच्या (१३९२ पासून) सुरुवातीला धातूची टंचाई होती, तेव्हा तेच आकार मातीत घडवले गेले. त्यातली गंमतशीर जोडी म्हणजे धान्याची दोन भांडी: 'बो' बाहेरून चौकोनी, आतून गोल, 'ग्वे' नेमकं उलट. पुढे कन्फ्यूशियन साधेपणाला शोभेल अशी पांढरीशुभ्र पोर्सिलेनची भांडी आली. राजघराण्यासाठी ती सोलजवळच्या ग्वांगजूच्या सरकारी भट्ट्यांत भाजली जात.

मला सगळ्यात आवडते ती उत्तर जोसॉन काळातली साधी ताटली. पांढरा, किंचित निळसर झाक असलेला पृष्ठभाग, त्यावर मधोमध निळ्या वर्तुळात एकच चिनी अक्षर, '祭', म्हणजे पूजा-अर्पण. बाकी नक्षी नाही. फळं रचली की अक्षर झाकलं जातं! (फळांत पीच मात्र चालत नाही, त्याने भुतं पळतात अशी समजूत, मग पितर कसे येणार?)

आज घरोघरी चुसॉकला (शरदातला सुगीचा सण, त्यात पितरांना नैवेद्य दाखवतात) लाकडी किंवा पितळी जेगीच जास्त दिसतात, त्यामुळे चिनी मातीच्या बघायच्या असतील तर सोलचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा.