जुन्या मॅटाडोर कॅम्परच्या डॅशबोर्डचं वायरिंग आणि मीटर बदलायला किती खर्च येतो? ठाण्यात कोण करून देतं?

तुम्ही लिहिलंय की 1989 च्या ‘व्हिंटेज’ मॅटाडोरचं कॅम्पर केलंय, डॅशबोर्डमागे वायरींचा गुंता झालाय, सगळं उपटून नवं टाकायचंय आणि मीटरमध्ये एलईडी बसवायचेत. खर्चाचं शेवटी सांगतो. आधी एलईडीचं, कारण त्यावरून आमच्या घरात चार वर्षं वाद चालू आहे.

आमची मॅटाडोर 1987 ची, बजाज टेम्पोची. कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं ते 2005 साली. बाबांचा नौपाड्यात मंडप डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, झुंबरं सगळं हिच्यातूनच जायचं. धंदा बंद झाल्यावर ती भंगारात निघाली होती, मी अडवली. आत दोन बाक, शेगडी, पाण्याची टाकी असं घरच्या घरी केलं. डॅशबोर्डचा पत्रा गंजून चाळण झाला होता. दादा म्हणाला, पत्रा कशाला, प्लायचा करू. 12 मिलीचा प्लाय, वर सनमायका, गोल भोकं पाडून नवे मीटर. वहिनी बघून म्हणाली, देव्हारा झालाय नुसता.

दादाचं विजेचं सगळं ज्ञान मंडपातलं. 230 व्होल्ट, दोन वायरी, बल्ब कसाही लावा पेटतो. गाडीत दिव्याला एकच वायर जाते आणि परतीचा रस्ता पत्र्यातून असतो, हे सांगायला गेलं की ‘तू जन्मला नव्हतास तेव्हापासून रोषणाई करतोय’ हे ऐकायचं. (तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. हिशेब तुम्हीच करा.) जुन्या मीटरना डॅशच्या पत्र्यातून अर्थ, म्हणजे हा परतीचा रस्ता, मिळायचा. नवे टेकले सनमायक्याला. पहिल्याच रात्री लाइट लावले आणि डिझेलचा काटा पाव टाकीवरून पाऊणवर गेला. बंद केले, परत पाववर. सोसायटीतले म्हणाले, भारी गाडी आहे, दिवा लावला की डिझेल वाढतं. दिव्याच्या करंटला परत जायला वाट नव्हती, म्हणून तो मीटरमधून वाट काढत होता. सगळ्या मीटरची बुडं एका 2.5 स्क्वेअर मिमीच्या काळ्या वायरीने जोडली, चॅसीचा (गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा) रंग खरवडून तिथे बोल्टने आवळली आणि काटा शहाणा झाला. तुमचाही डॅश लाकडी किंवा फायबरचा असेल तर हे पहिलं काम.

आता मुख्य मुद्दा. दादाने डॅशमधले सगळे बल्ब काढून एलईडी टाकले. बाकीचे लागले, पण चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागेना. दादा म्हणाला, ‘लागत नाही म्हणजे चार्जिंग बरोबर चाललंय.’ मला खटकलं होतं, पण मी बोललो नाही. ही माझी चूक.

जुलैत दोघांची बायकामुलं घेऊन माळशेजला निघालो. दुपारपासून वायपर, पंखा, गाणी सगळं चालू. कल्याण झालं, मुरबाड झालं, सगळं मजेत. डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही, त्यामुळे काही बिघडलंय याची शंकासुद्धा आली नाही. घाटात शिरताना अंधारलं, धुकं उतरलं, हेडलाइट लावले. दहा मिनिटांत ते झिरोच्या बल्बसारखे पिवळे झाले. वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबले. हॉर्न दाबला तर नुसतं कण्हला. वहिनी डावीकडच्या खिडकीतून मोबाइलचा टॉर्च धरून बसली आणि मी पुढच्या एसटीचे मागचे दोन लाल दिवे धरून गाडी चालवली. वर टपरीपाशी पोचलो तेव्हा इंजिन बंद करायची कोणाची हिंमत नव्हती.

गाडी कोपरीतल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. चावी ऑन केली, डॅशकडे बघितलं आणि म्हणाले, ‘लाल दिवा कुठंय?’ इंजिन बंद आणि चावी ऑन असेल तर तो लागलाच पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जातो. साधा बल्ब 0.2 अँपियरच्या आसपास जाऊ देतो, एलईडी त्याच्या दहावा हिस्साही नाही. आणि आमचा तर उलटा बसवला होता. डीसीत उलटा एलईडी म्हणजे तुटलेली वायर. काकांनी साधा बल्ब बसवला, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, सकाळी गाडी सुरू करून बॅटरीला व्होल्टमीटर लावला: 14.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग सुरू.

दादा आजही म्हणतो, बॅटरी जुनी होती. दादा, बॅटरी तीन महिन्यांची होती, बिल माझ्याकडे आहे, आणि तीच बॅटरी पुढे तीन वर्षं चालली.

मीटर घेताना चकचकीत डायल बघू नका. टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा गोळा) वर-खाली करून त्याच्या वायरीवर ओहम मोजा. व्हीडीओ (VDO, जर्मन मीटर कंपनी) पद्धतीत रिकामी टाकी 10 आणि भरलेली 180 च्या आसपास. अमेरिकन पद्धतीत रिकामी 240, भरलेली 33. जोडी चुकली तर टाकी भरल्यावर काटा खाली येतो. डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदमच वेडे झाले असतील तर मीटर फेकू नका, आधी अर्थ आणि स्टॅबिलायझर (मीटरना स्थिर व्होल्टेज देणारा डबा) बघा. रंगांवर तर मुळीच जाऊ नका: जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, इंग्लिश लुकास पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची लाइव्ह. तीसहून जास्त वर्षांत तुमच्या गाडीला किती मिस्त्र्यांचे हात लागलेत कोण जाणे.

सगळं एकदम उपटू नका. एक सर्किट काढा, नवं टाका, तपासा, मग पुढचं. हेडलाइटला रिले टाकाच, म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपियर, ते जुन्या स्विचमधून नेलं की स्विच वितळतो. व्होल्टमीटर बसवा. आमच्याकडे असता तर मुरबाडलाच कळलं असतं.

खर्च: मला मीटर, वायर, फ्यूज बॉक्स, रिले धरून 18 हजार लागले, मजुरी वेगळी. मीटर कुर्ल्याच्या जुन्या मालातून घेतले, नव्या सेटला याहून जास्त पडेल. काका आता काम घेत नाहीत. वागळे इस्टेटला ट्रकचं वायरिंग करणारे शोधा, कारवाल्यांकडे जाऊ नका. आणि तुम्ही व्हिंटेज म्हणताय ती गाडी सरकारी हिशेबाने व्हिंटेज नाही, 2021 च्या नियमात 50 वर्षं लागतात. तेव्हा आरटीओच्या फिटनेस तपासणीआधी हे काम उरकून घ्या.

एलईडी अगदीच नको असं नाही. डायलच्या उजेडाला खुशाल लावा. चार्जिंगच्या दिव्यालाच हवा असेल तर बरोबर जोडून 47 ओहमचा 5 वॉटचा रेझिस्टर समांतर टाका. आणि दादाची एक गोष्ट मान्य करतो: मंडपातल्या सवयीने त्याने प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं, त्यामुळे काकांचं निम्मं काम वाचलं.

हे आधीच लिहायला हवं होतं: हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.