डोरेमॉनच्या बाहुल्या जमवायच्या आहेत. ओरिजिनल कशा ओळखायच्या आणि पावसाळ्यात कशा सांभाळायच्या?

तुम्ही लिहिलंय की खारघरला राहता, मुलीबरोबर बघता बघता डोरेमॉन तुम्हालाच आवडायला लागला आणि आता त्याच्या बाहुल्या जमवायच्या आहेत. पण खरं-खोटं कळत नाही, दमट हवेची भीती वाटते आणि घरचे म्हणतात, ‘हे काय वय आहे?’ वयाचं अजिबात मनावर घेऊ नका. मी ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते, बरीच वर्षं फक्त डोरेमॉनच जमवते आणि त्यातला आनंद जराही कमी झालेला नाही.

किंमत बघण्याआधी पात्र नीट ओळखा, एवढंच माझं सांगणं आहे. खोटा माल बनवणाऱ्याने मूळ चित्र नीट पाहिलेलं नसतं, त्यामुळे तो तपशिलात हमखास चुकतो. डोरेमॉन म्हणजे भविष्यातून आलेला रोबो-बोका, पण त्याला कान नाहीत. हात म्हणजे गोल पांढरे गोळे, त्यांना बोटं नाहीत. मिश्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. गळ्यात लाल पट्टा आणि पिवळी घंटा, पोटावर अर्धगोल खिसा आणि मागे शेपटीच्या टोकाला लाल गोळा. मी आधी बाहुली उलटी करून शेपूट बघते. तीच निळी असेल तर पुढचं बघायची गरज उरत नाही. मग टॅग. अधिकृत मालावर © चिन्हाबरोबर हक्कधारकांची नावं रोमन लिपीत बारीक छापलेली असतात: फुजिको-प्रो, आणि बऱ्याचदा त्याच्या जोडीला शोगाकुकान, टीव्ही असाही अशी नावं. तिथे स्पेलिंग चुकलेलं किंवा छपाई फिसकटलेली दिसली तर मी सरळ पुढे निघते.

पिवळा डोरेमॉन दिसला तर मात्र घाईने ‘नकली’ म्हणू नका. गोष्टीत तो आधी पिवळाच होता, त्याला कानही होते. रोबो-उंदराने कान कुरतडले, आणि रडून रडून पिवळा रंग उतरून तो निळा झाला. त्या रूपातल्या बाहुल्या खरोखर निघतात आणि मला त्या फार प्रिय आहेत. त्याची बहीण डोरेमीही पिवळीच, पण तिच्या डोक्यावर मोठी लाल रिबीन असते. विक्रेते या दोघांची सर्रास गल्लत करतात, तेव्हा फोटो मोठा करून बघा.

आता आयएसआयच्या खुणेबद्दल. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांवर ती बंधनकारक आहे. ती सुरक्षिततेची खूण आहे. खेळणं परवाना घेऊन बनवलंय की नाही हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून मुलीच्या हातात द्यायच्या बाहुलीवर आयएसआय बघा आणि स्वतःच्या संग्रहासाठी © ची ओळ बघा. परदेशातून मागवताना किमतीत कस्टम ड्युटी धरायला विसरू नका. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० झाली.

सगळंच घ्यायला जाऊ नका, जागा पुरत नाही. एखादा धागा धरा. कुणी फक्त कापडी बाहुल्या घेतं, कुणी जपानमधल्या कॅप्सूल मशीनमधून निघणाऱ्या बोटभर मूर्ती. मला जुन्या चेहऱ्याचे डोरेमॉन आवडतात. डोरेमॉनची मूळ जपानी चित्रकथा मुलांच्या मासिकांत १९७० च्या जानेवारी अंकांपासून सुरू झाली आणि तेव्हाचा डोरेमॉन आजच्यापेक्षा बराच बोजड दिसायचा. १२९.३ हा आकडाही लक्षात ठेवा: उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. त्या जन्माच्या बरोबर शंभर वर्षं आधी, २०१२ मध्ये, जपानमधल्या कावासाकी शहराने त्याला खास रहिवासी दाखला दिला! असं काही कळलं की कपाटातल्या बाहुलीकडे बघायची नजरच बदलते.

दमट हवेचा प्रश्न खरा आहे. खाडीकाठी राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्याच घरात जुलैमध्ये भिंतींना ओल येते. कापडी बाहुल्या पावसाळ्याआधी सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आतपर्यंत वाळवा. पोटातला कापूस ओला राहिला तर बुरशी आतून धरते आणि वास जात नाही. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, उघडीप मिळाली की दारं उघडा. ऊन मात्र नको, निळा रंग विटतो.

पीव्हीसीच्या मूर्तींची तऱ्हा वेगळी. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि मूर्ती चिकट लागते. तो दमटपणाचा चिकटा नव्हे, त्यामुळे नुसतं पुसून भागत नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन कोरडी करा आणि हवाबंद पिशवीत कोंडू नका. डांबराच्या गोळ्या तर या कपाटात कधीच ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक आणि रंग मऊ पडतात.

पहिली बाहुली शक्यतो दुकानात हातात घेऊनच निवडा. वाशी-सीवूड्सच्या मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानांत खरे टॅग आधी नीट बघून ठेवा, मग क्रॉफर्ड मार्केटला जा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून शेपटीचा आणि टॅगच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. फोटो मिळाला आणि तरी शंका असेल तर इथे टाका, मी बघून सांगते.