‘नेफर्टिटी’मधली ‘आली’ कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: ‘नेफर्टिटी म्हणजे “सुंदरी आली” असं वाचलं. यातलं “आली” नेमकं कुठे आहे? आणि प्राचीन इजिप्तच्या भाषेत आपल्यासारखे “हा-ही-तो” होते का?’

नेफर्टिटी ही प्राचीन इजिप्तची राणी. ‘आली’ तिच्या नावाच्या उत्तरार्धात आहे. नावाची फोड नेफरेत + ईति अशी होते. ‘नेफर’ म्हणजे सुंदर, चांगला; त्याला स्त्रीलिंगाचा ‘त’ लागून ‘नेफरेत’, म्हणजे सुंदरी. ‘ई’ हा येणे या अर्थाचा धातू. तो लिहायचं चिन्हच बघण्यासारखं आहे: बोरूचं पान, आणि त्याला खाली चालणारे दोन पाय! पुढचा ‘ति’ हा क्रियापदाचा प्रत्यय. कर्ता स्त्रीलिंगी आहे हे तो सांगतो. आपण ‘आला’ आणि ‘आली’ यांत जो फरक करतो, तोच इथे सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या नावात आहे.

या रूपाला स्थितिदर्शक म्हणता येईल. येण्याची क्रिया झाली आणि आता ती आलेली आहे, असा त्याचा भाव. म्हणून ‘सुंदरी आली’पेक्षा ‘सुंदरी आली आहे’ हे भाषांतर मला जास्त नेमकं वाटतं. शब्दक्रमही पाहा. जुन्या इजिप्शियनमध्ये साध्या कथनात क्रियापद आधी येतं: ‘सेजेम-एन सेन’, म्हणजे ‘ऐकलं भावाने’. स्थिती सांगताना मात्र कर्ता पुढे येतो, जसा या नावात आला आहे. ‘आमेनहोतेप’ हे राजांचं नावही असंच वाक्य: ‘आमून (देव) संतुष्ट आहे’. (या लिपीत स्वर लिहीत नसत. आपण म्हणतो ते ‘ए’ अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेले आहेत. हित्ती दरबाराच्या पत्रव्यवहारात नेफर्तारी राणीचं नाव ‘नप्तेरा’ असं आलं आहे, त्यावरून खऱ्या उच्चाराचा थोडा अंदाज येतो.)

आता ‘हा-ही’. होते, आणि फार सुटसुटीत होते. पुल्लिंगाला ‘प’, स्त्रीलिंगाला ‘त’, आणि नपुंसक व अनेकवचनाकडे झुकणारा ‘न’. जवळचं दाखवायला पेन, तेन, नेन. दूरचं दाखवायला पेफ, तेफ, नेफ. गंमत म्हणजे ‘पेन’ आणि ‘तेन’ नामाच्या मागून येतात: ‘सेन पेन’ हा भाऊ, ‘सेनेत तेन’ ही बहीण. कवितेत आपण ‘देह हा’, ‘जन्म हा’ म्हणतो, तसा क्रम. फक्त तिथे तो रोजचा होता.

‘पेफ’मध्ये कधी कधी तिरस्कारही असे. कर्नाकच्या देवळाच्या भिंतींवर तिसरा थुतमोस या इजिप्तच्या राजाच्या मेगिद्दोच्या लढाईचं वर्णन आहे, त्यात कादेशचा राजा ‘खेरू पेफ’ आहे: ‘तो शत्रू’. आपल्याकडे ‘तो मेला’ म्हणताना त्या ‘तो’ला जी धार येते, तीच ही.

या दर्शकांची आणखी एक मालिका होती: पा, ता, ना. ही नामाच्या आधी येई आणि बोलीत रुळलेली होती. हळूहळू तिचा ‘हा’पणा झिजला आणि ‘आपल्याला ठाऊक असलेला तो’ एवढाच अर्थ उरला, म्हणजे ती उपपदं झाली, इंग्रजीतल्या ‘द’सारखी. लॅटिनच्या ‘इल्ले’पासून फ्रेंचचं ‘ल’ आलं, तसंच. नेफर्टिटीच्याच काळात, अमार्ना इथे आय नावाच्या दरबाऱ्याच्या थडग्यात कोरलेल्या, अतेन या सूर्यबिंबरूपी देवाच्या मोठ्या स्तोत्राच्या आरंभी सूर्याला ‘पा इतेन अन्ख’, जिवंत अतेन, असं संबोधलं आहे. राजदरबारी लेखनात बोलीतला ‘पा’ शिरताना दिसतो, म्हणून ती ओळ मला फार मोलाची वाटते.

‘पा’ची गरज वाढायला एक कारण उच्चारातही आहे. शेवटचा स्त्रीलिंगी ‘त’ बोलण्यातून गळत गेला. ‘सेन’ आणि ‘सेनेत’ यांचे कॉप्टिकमध्ये, म्हणजे याच भाषेच्या ग्रीक वर्णमालेत लिहिलेल्या शेवटच्या अवस्थेत, ‘सोन’ आणि ‘सोने’ झाले. लिंग दाखवायचं काम आता पुढच्या अक्षराकडे आलं: ‘प्सोन’ तो भाऊ, ‘त्सोने’ ती बहीण, ‘नेस्नेऊ’ ते भाऊ. शेपटीचा ‘त’ गेला आणि डोक्यावर दुसरा ‘त’ बसला.

क्रियापद आणि दर्शक एकाच नावात पाहायचे असतील तर बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातला योसेफाचा सासरा घ्या, ओनचा याजक पोटीफरा. मूळ नाव ‘पा-दि-पा-रे’. पहिला ‘पा’ म्हणजे ‘तो, ज्याला’. ‘दि’ म्हणजे दिलं. दुसरा ‘पा’ रे या सूर्यदेवाच्या नावाआधीचं उपपद. ‘रे देवाने ज्याला दिलं तो’: मराठीत सरळ सूर्यदत्त.