जुनी मालडब्यांची किट्स बांधावीत की तयार डबे घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा: मामांनी अमेरिकेहून आणलेली एचओ मापाच्या (खऱ्याच्या १/८७) मॉडेल रेल्वेच्या मालडब्यांची किट्स रत्नागिरीच्या घरात माळ्यावर सापडली, खोकी निळी आहेत, आतल्या लोखंडी पट्ट्या गंजल्यात, जोडून पाहिलेले दोन डबे वळणावर रुळावरून उतरतात. मग ही बांधावीत, की विकून तयार डबे घ्यावेत?

बांधा. निळी खोकी म्हणजे ती बहुधा अ‍ॅथर्नची असणार, ही मॉडेल रेल्वे बनवणारी अमेरिकी कंपनी. या किट्सचं उत्पादन २००९ च्या सुमारास थांबलं, पण पॉलिस्टायरिनची ती वरची टपं आजही पाहत राहावीत अशी आहेत. रिव्हेट, पत्र्याच्या नळ्या, दारांच्या कड्या सगळं रेखीव. जुनं झालंय ते टपाखालचं: चाकं, कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा आकडा), वजन. पैसे आणि वेळ आधी तिथे घाला. मी मालवणला हाच छंद करतो, आणि रंगरूपाने देखणा पण चार फूट धड न चालणारा डबा मला तरी डबा वाटत नाही.

उतरण्याचं पहिलं कारण वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी संघटनेची शिफारस सोपी आहे: एचओ डब्याला मुळात २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचाला आणखी १४ ग्रॅम. चाळीस फुटी डबा या मापात १४० मिमी, म्हणजे साडेपाच इंच भरतो. त्याला १०५ ग्रॅम हवेत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तुमचे दोन्ही डबे ठेवून बघा, कमी भरण्याचीच शक्यता जास्त. कमी पडेल तेवढं डब्याच्या फरशीवर मधोमध किंवा दोन्ही टोकांना सारखं घाला, छताजवळ नको.

वजन कशाचं घालायचं, इथे आपल्या हवेचा विचार करावा लागतो. पागाच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आपल्याकडे कुठेही मिळतात आणि कामाची आहेत. मात्र ती पांढऱ्या फेविकॉलमध्ये बुडवून बंद डब्यात ठेवू नका. त्या गोंदातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाने शिसं पांढरं पडतं, फुगतं, आणि पुढे टप फाडू शकतं. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनचंही तसंच, घ्यायचंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. मी अराल्डाइट वापरतो. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि ते कानशीने घासून त्याची पूड घरात उडवू नका.

गंजलेली पट्टी फेकायची गरज नाही, तीच या किटचं मूळ वजन आहे. पॉलिश पेपरने गंज काढा, थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, कडांनाही. समुद्राजवळच्या घरात हे केलं नाही तर दोन पावसाळ्यांत गंज परत येतो आणि पट्टी फुगून फरशीला बाक आणते. गंज पोखरत आत गेला असेल तर तिथे दुसरी पट्टी कापून बसवा. (थिनर आणि ॲसिटोन पट्टीपुरतेच. प्लॅस्टिकच्या टपाला लागले तर तपशील विरघळतील. टपाचा जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, तेही आधी आतल्या बाजूला लावून बघून.)

आता चाकं. प्लॅस्टिकची चाकं घाण गोळा करून ती रुळांवर पसरवतात, ती बदलून धातूची घालाच. साध्या जुन्या डब्यांना खऱ्या मापात ३३ इंची चाकं असत, म्हणजे एचओत साधारण ९.६ मिमी. शंभर टनी मोठ्या डब्यांना ३६ इंची, साधारण १०.५ मिमी. आस (अ‍ॅक्सल) दोन्हीकडे टोकदार, लांबी २६ मिमीच्या आसपास. इथे दशांश मिलिमीटरचाही फरक पडतो: लांब आस बोगीच्या (म्हणजे डब्याखाली चाकांच्या दोन जोड्या धरणाऱ्या भागाच्या) चौकटीत अडकते, आखूड आस डुलते. म्हणून सगळा संच मागवण्याआधी एक जोडी घालून फुंकर मारून बघा, चाक बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. रुळांत अनकपलिंगची (जोडलेले डबे सोडवणारी) चुंबकं लावणार असाल तर पोलादी आस घेऊ नका, चुंबक डबाच ओढून धरतं. बोगीची चौकट ॲसिटल या गुळगुळीत प्लॅस्टिकची असते, तिला गोंद चिकटत नाही आणि रंगही नीट धरत नाही, तेव्हा तुटली तर बदलणंच सोपं.

वळणावर उतरण्याचं दुसरं मोठं कारण बोगीचे स्क्रू, आणि हा उपाय फुकट आहे. एका बोगीचा स्क्रू इतका घट्ट करा की ती फक्त डावी-उजवीकडे फिरेल. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती आजूबाजूला कलूही शकेल. रूळ कुठे किंचित वाकडा असला तरी आठही चाकं टेकलेली राहतात. बाकी काही करायच्या आधी तुमच्या दोन डब्यांवर आजच हे करून बघा.

कपलिंगमध्ये जुना शिंगासारखा हॉर्न-हुक असेल तर तो काढून केडी कंपनीचं पाच नंबरचं कपलिंग बसवा. अ‍ॅथर्नच्या कपलिंगच्या खोबणीवर पत्र्याचं दाबून बसणारं झाकण असतं, ते चालत्या गाडीत सुटतं. मधल्या खुंटीला १.६ मिमीचं भोक पाडून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि एम-२ चा पितळी स्क्रू लावा. उंची केडीच्या मापानेच तपासा, डोळ्यांच्या अंदाजाने नको.

यानंतर सजावट. टपावर ओतलेल्या, हाताने धरायच्या कड्या तासून तारेच्या लावल्या की डब्याचं रूप पालटतं. गिटारची तार इथे गंजते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३० गेजची तांब्याची तार मागा, जाडी साधारण ०.३ मिमी. पकडीत धरून हलकी ताणली की सरळ होते. छतावर चालण्याची फळी ठेवायची की नाही हे साल बघून ठरवा, कारण अमेरिकेत नव्या बंद डब्यांवर ती लावणं १९६६ पासून बंद झालं.

यातल्याच हॉपरमधून (तळातून माल सोडणारा डबा) आपल्या रेल्वेची बॉक्स-एन ही वरून उघडी वाघीण करायचा विचार असेल तर मी तरी करणार नाही. कपलिंगपासून कपलिंगपर्यंत बॉक्स-एन १०.७१३ मीटर, म्हणजे एचओत १२३ मिमी. चाळीस फुटी डबाही त्याहून लांब पडतो. शिवाय आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी आणि एचओचा रूळ खऱ्या मापात १४३५ मिमीचा, म्हणजे चाकंही आत राहतात. सपाट डबा मात्र कामाला येतो. कोकण रेल्वेची कोलाड ते वेर्णा ही ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी १९९९ पासून धावतेय. हुबेहूब नाही, पण सपाट डब्यांवर १:८७ मापाचे ट्रक बांधून तिच्यासारखी रांग उभी करता येते.

स्प्रेने रंगवायचं काम दसऱ्यानंतर काढा. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. पावसाळ्यात चाकं, वजनं आणि कपलिंग उरकून घ्या.