पहिली गाडी म्हणून १९९६ ची लिंकन टाउन कार घ्यावी का?

तुम्ही नोव्हेंबरात पत्नी आणि तीन वर्षांच्या मुलीसह पुण्याहून मिशिगनमधील नोव्हाय येथे राहायला येत आहात. एका वृद्ध गृहस्थांनी पहिल्यापासून स्वतःच वापरलेली, फक्त ३८,००० मैल चाललेली १९९६ सालची लिंकन टाउन कार साडेसहा हजार डॉलरला मिळते आहे, तर घरातली एकमेव गाडी म्हणून ती घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी या भागात सत्तावीस वर्षे राहतो आणि याच पिढीची टाउन कार अकरा वर्षांपासून सांभाळतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत असे की तपासणीत ठीक निघाली तर ही गाडी जरूर घ्यावी, मात्र घरातली दुसरी गाडी म्हणून.

ही गाडी तुमच्या होणाऱ्या घराला लागूनच असलेल्या विक्सम गावातल्या फोर्डच्या कारखान्यात तयार झालेली आहे (लिंकन हे फोर्डचेच नाममुद्रेचे नाव). तो कारखाना २००७ मध्ये बंद झाला, पण तिथे उमेदीची वर्षे काढलेली माणसे इथे अजून भेटतात, आणि अशी गाडी पेट्रोल पंपावर उभी असली की त्यांपैकी कोणीतरी थांबून चौकशी करतेच. वेगळ्या पोलादी चासीवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ओढ देणारे ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि साडेपाच मीटरांहून अधिक लांबी, अशी हिची घडण आहे. लांबच्या प्रवासात पाठीला जो आराम हिच्यात मिळतो तो मला नंतरच्या कुठल्याही गाडीत मिळालेला नाही. पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या क्राउन व्हिक्टोरिया गाड्या याच पायावर बनल्या असल्याने सुटे भाग अजून मिळतात आणि जुन्या मेकॅनिकांना हिचे काम पाठ असते.

आता त्या ३८,००० मैलांविषयी. वर्षाला दीड हजार मैलांच्याही आत चाललेल्या गाडीचे इंजिन झिजलेले नसते हे खरे, पण रबर, प्लास्टिक आणि तेले यांचे वय मैलांवर अवलंबून नसून वर्षांवर असते. उभ्या गाडीत सील कोरडे पडतात, ब्रेकचे रबरी होज आतून फुगतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते. मी माझी गाडी घेतली तेव्हा टायरची नक्षी नव्यासारखी खोल होती आणि मी त्यावर समाधान मानले. तिसऱ्याच महिन्यात महामार्गावर मागच्या टायरचा वरचा थर सुटून आला. टायर चौदा वर्षांचे होते. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तुम्ही ते आकडे आधी वाचा, आणि टायर दहा वर्षांच्या आसपासचे असतील तर चारही नव्या टायरांची किंमत सौद्यात धरा.

या मॉडेलच्या दोन जागा मुद्दाम तपासाव्या लागतात. एक म्हणजे मागचे एअर सस्पेन्शन, ज्यात स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. रात्रभर उभी राहिल्यावर गाडीची मागची बाजू खाली बसत असेल तर फुगे किंवा त्यांचे सील गेलेले आहेत. गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी डिकीतला या यंत्रणेचा स्विच बंद करावा लागतो, हेही लक्षात ठेवा. दुसरी जागा इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या भागाची. १९९६ पासूनच्या काही वर्षांत तो पूर्ण प्लास्टिकचा होता आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, वाहून नेणारा त्याचा पुढचा भाग तडकत असे. नंतरच्या सुधारित भागात तिथे ॲल्युमिनियम आले. तो बदललेला आहे का, हे बॉनेट उघडून पाहता येते.

मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक मुदतीची सरकारी तपासणी नसल्याने ती आपल्यालाच करवून घ्यावी लागते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि वरचा पत्रा चकचकीत असूनही खालची चासी आणि ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या असू शकतात, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिकला खालून पाहू द्या. शिवाय इतक्या जुन्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मैलांची नोंद करण्याचे कायदेशीर बंधन नाही. मालकाने जपलेल्या सर्व्हिसच्या पावत्या हाच ३८,००० चा खरा पुरावा.

पण पहिली गाडी म्हणून मी नको म्हणतो ते तुमच्या मुलीसाठी आणि नोव्हेंबरासाठी. लहान मुलांची सीट अडकवण्याचे खास हूक २००३ च्या मॉडेलपासून सर्व गाड्यांना सक्तीचे झाले, स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा २०१२ पासून. या गाडीत दोन्ही नाहीत. मागच्या चाकांची, जड, लांब गाडी बर्फावर कशी घसरते हे पहिल्याच हिवाळ्यात, मूल मागे बसलेले असताना शिकू नये. जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा देणाऱ्या कंपन्यांचीही बहुधा अट असते की घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असावी. २६ वर्षांवरील गाड्यांना इथे ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते खरी, पण तिच्यावर प्रदर्शने, मिरवणुका अशा कार्यक्रमांनाच जाता येते. फक्त ऑगस्टमध्ये ती कशीही चालवायला मोकळीक आहे. त्याच महिन्यात डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड मार्गावर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा असतो.

परतताना ती पुण्याला नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे.

तेव्हा आल्यावर आधी एखादी साधी, पुढच्या किंवा चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्या. मालकांना घाई नसेल तर त्यांना वसंतापर्यंत थांबण्याची विनंती करा. त्यांनी होकार दिला तर मला कळवा. मी एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन गाडी पाहून येईन. मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, एवढे मात्र त्यांना सांगून ठेवा, कारण थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे सांगते ते तापल्यावर सांगत नाही.